सात वर्षं वाढवलेले रातांबे नर निघाले

2019 च्या जानेवारीत आमच्या परसातल्या दोन्ही रातांब्यांना, म्हणजे कोकमाच्या झाडांना, पहिल्यांदा फुलं आली. सात वर्षं वाट बघितली होती. सासूबाई तर रोज सकाळी काठी टेकत जाऊन कळ्या बघून यायच्या. शेजारच्या काकूंनी एक फूल तोडलं, हातावर ठेवून नखाने पाकळ्या बाजूला केल्या आणि म्हणाल्या, "अगो, हा नर आहे." मधे नुसता पिवळ्या केसरांचा गुच्छ. मग त्यांनी स्वतःच्या झाडाचं फूल आणून शेजारी ठेवलं. त्यात मधोमध एक हिरवी गोळी होती. तीच गोळी पुढे रातांबा होते. आम्ही दुसऱ्या झाडाची फुलं बघितली. तीही केसरांचीच.

रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी रुजवून रोपं केली की त्यातली साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत कुठला कोण हे सांगता येत नाही. हे मला 2012 मध्येही माहीत होतं. म्हणून तर मी रोप न घेता कलम मागितलं होतं. मादी झाडाची काडी दुसऱ्या रोपावर, म्हणजे खुंटावर, बांधली की ते कलम मादीच निघतं. त्यासाठी रोपाच्या तिप्पट पैसे मोजले होते.

घराभोवती आमची सहा गुंठे जागा, गुहागर तालुक्यात, सगळा जांभा. बाकीची झाडं निवडताना काही त्रास झाला नाही. हापूसचं जुनं झाड होतंच. ते एक वर्ष लागतं, एक वर्ष रुसतं, आणि कापल्यावर कधी कधी साका, म्हणजे आत पांढरट, आंबट, न पिकलेला गर, निघतो. म्हणून दुसरा आंबा रत्ना लावला. नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ही जात. दरवर्षी फळ धरते आणि साक्याची भीती नाही. चिकू कालीपत्ती, खिरणीच्या खुंटावरचा. लिंबू विहिरीच्या वाटेपासून लांब, कारण काटे. फणस वर्षभर मनात होता, पण घरापासून तीस फूट जागा मोकळी मिळेना, तेव्हा सोडला. हे सगळं महिनाभरात उरकलं. रातांब्याने मात्र सात वर्षं खाल्ली आणि वर एक पावसाळा.

फुलं बघितल्यावर मी जुनी पावती शोधून काढली आणि महामार्गावरच्या त्या रोपवाटिकेत गेले. पावती मी जपून ठेवली होती, त्यामुळे मला वाटलं माझी बाजू भक्कम आहे. तिथल्या माणसाने ती उलटसुलट बघितली आणि परत माझ्या हातात दिली. "यावर कोकम कुठे लिहिलंय, वहिनी?" पावतीवर होतं ते एवढंच: "रोपे नग 2". कोकम नाही, कलम नाही, मादी नाही. मी तिथेच उभी राहून ती ओळ चार वेळा वाचली. सात वर्षं मी कपाटात जपलेला कागद काहीच सांगत नव्हता.

आता कळतं की त्या दिवशी मी झाडंच नीट बघितली नव्हती. कलम असेल तर खोडावर जोड दिसतो. जमिनीपासून वीतभर वर पाचरीसारखी खूण, खाली खुंटाची साल आणि वर काडीची साल, दोन्हींचा रंग थोडा निराळा. नवीन कलमावर प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा गुंडाळलेली असते. माझ्या दोन्ही रोपांचं खोड मुळापासून शेंड्यापर्यंत एकसारखं होतं. ती बियांचीच होती. आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती: कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फुलायला लागतं. सातव्या वर्षापर्यंत काही नाही म्हणजे तेव्हाच शंका घ्यायची.

त्या जूनमध्ये मी ठरवलं की या वेळी पावतीवर जात लिहून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. वाटलं होतं, यात काय कठीण आहे? पहिल्या रोपवाटिकेत कोकम आहे म्हणाले, जात विचारली तर "चांगली आहे" एवढंच उत्तर. दुसरीकडे तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला सांगितलं, पाऊस पडू दे, मग या. पाऊस पडल्यावर गेले तर कालच संपली, नाव लिहून ठेवा. तिसऱ्या खेपेला कलमं होती. जोड होता, पट्टी होती. मी पाच काढून बाजूला ठेवली आणि म्हटलं, पावतीवर जातीचं नाव लिहा, कोकण अमृता, मादी कलम, नग 5.

मालक म्हणाले, "एवढं कोण लिहीत नाही." मी म्हटलं, मी थांबते, लिहा. ते म्हणाले, उद्या फळ बारीक आलं तर तुम्ही भांडायला याल. मी म्हटलं, बारीक आलं तर नाही येणार, नर निघाला तर येईन. मागे माणसं उभी होती, कुणाच्या हातात जास्वंद, कुणाकडे नारळाचं रोप. एकाने सांगितलं, वहिनी, विश्वासावर चालतं हो हे सगळं. मला तेव्हा खरंच रडू आलं, कारण 2012 मध्ये मी विश्वासच तर ठेवला होता. शेवटी त्यांनी लिहिलं "कोकम नग 5". अमृता नाही, मादी नाही, कलम नाही. मी पाचही पिशव्या परत रांगेत ठेवल्या आणि बाहेर पडले. हे गाडीत म्हणाले, घेऊन टाकायची होतीस, मादीच असतील. असतीलही. पण जो माणूस मादी म्हणून विकतो आणि मादी म्हणून लिहीत नाही, त्याच्या झाडासाठी मी पुन्हा सात वर्षं देणार नव्हते. आजही मला ते बरोबरच वाटतं.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 चा कायदा आहे. परवाना लागतो, खुंट कुठला आणि काडी कुठल्या झाडाची याची नोंद ठेवावी लागते. म्हणजे जात लिहून मागणं हा आपला हट्ट नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी आणखी ठामपणे बोलले असते. तुम्ही जाल तेव्हा आधी परवाना भिंतीवर लावलाय का ते बघा.

शेवटी दापोलीला विद्यापीठात गेले. आमच्याकडून धोपाव्याला फेरीबोट धरायची, दाभोळला उतरायचं आणि पुढे दापोली. तिथे मी मागायच्या आधीच पावतीवर जातीचं नाव लिहिलं गेलं. एवढ्याशा ओळीचं मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. तिथल्या एका कामगार दादांनी एक गोष्ट शिकवली जी मला कुणीच सांगितली नव्हती. रातांब्याची काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची असावी लागते. बाजूच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जन्मभर आडवंच पसरतं, झाड उंच होत नाही, जमिनीवर लोळतं. त्यांनी दोन कलमं शेजारी धरून दाखवली. एकाचा शेंडा ताठ, दुसऱ्याचा एका बाजूला कललेला. मी ताठ शेंड्याची तीन निवडली. परतताना बोटीत ती मांडीवर घेऊन बसले, वाऱ्याने जोड हलू नये म्हणून.

अमृता का, हेही सांगते. फळ लवकर तयार होतं. आपल्याकडे रातांबे मेअखेरीस पिकले की पावसाशी शर्यत लागते आणि ओली सालं बुरसतात. सालं वाळवायला ऊन मिळणं हीच आमची खरी गरज होती, फळाचा आकार नंतर.

लावताना जोड मातीच्या वर ठेवा. खड्डे मेमध्येच खणून पालापाचोळा आणि शेणखत भरून ठेवले होते. सहा महिन्यांनी पट्टी काढली. ती राहिली तर खोडात रुतते. आणि जोडाखालून जे जे फुटेल ते नखाने खुडायचं, कारण ती खुंटाची फूट असते, म्हणजे पुन्हा बियांचंच झाड. आमच्या एका कलमाला पहिल्या पावसाळ्यात चार वेळा अशी फूट आली. रत्नाला दुसऱ्याच वर्षी मोहोर आला होता, तो मी जीव घट्ट करून काढून टाकला. जायफळ लावणार असाल तर तिथेही नर-मादीचा हाच प्रकार आहे, कलमच घ्या.

जुन्या दोन नरांपैकी एक तोडला. दुसरा ठेवला, परागासाठी एखादा नर जवळ असलेला बरा. त्याच्यावरचा राग आता गेला आहे, सावली छान पडते.

2024 च्या एप्रिलमध्ये तीनपैकी दोन कलमांना फळं धरली. एकोणतीस रातांबे निघाले. सासूबाईंनी ते स्वतः फोडले, सालं सुपात पसरली, गराच्या मीठ घातलेल्या रसात बुडवून पुटं दिली, पुन्हा वाळवली. मला हात लावू दिला नाही. पाऊस आला त्या दिवशी आमसुलं काळी होऊन बरणीत गेली होती.