सातारचेच की ते!

परवा रविवारी दुपारी जेवण जरा जास्तच झालं आणि मी आपला रिमोट घेऊन आडवा. कुठल्यातरी चॅनेलवर 'मुकद्दर का सिकंदर' लागला होता, त्यातले अजून सगळे लहानच होते. बाबा झोपलेले म्हणून आवाज अगदी बारीक. तरी आतून, भांड्यांच्या खडखडाटातून, आई ओरडली, "लागू हायत व्हय रं?"

आमच्या स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नाही, मधे भिंत आहे आणि भिंतीला लागून फ्रीज. बरं त्या सिनेमात लागूंचं काम काय, तर हिरॉइनचा बाप, कडक, त्या अनाथ पोरावर डाफरणारा. पण आईला डाफरणंही पुरतं.

डॉ. श्रीराम लागू म्हणजे आमच्या घरचाच माणूस. कारण काय, तर जन्म साताऱ्याचा, १६ नोव्हेंबर १९२७. पुढचं कॉलेज, बी. जे. मेडिकल, पीडीए या नाट्यसंस्थेची नाटकं, सगळं पुण्याला, पण ते आम्ही धरत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना कुणी पाहुण्याने नुसतं लागूंचं नाव काढू दे, 'सातारचेच की ते!' म्हणणारा एक निघतोच, आणि असं म्हणतो की जसं काय कालच राजवाड्यावर भेळ खाताना दिसले होते.

मला विचाराल तर मला त्यांची हिंदीतली कामं फार आवडतात. हे नाटकवाल्या मित्रांसमोर बोललो की ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात, बघू देत. जज, डॉक्टर, वकील, कुणाचातरी बाप, पाच मिनिटं यायचं आणि समोरच्याचं नीट ऐकून घ्यायचं. हिंदी सिनेमात समोरच्याचं ऐकतं कोण हो? सगळे आपापल्या डायलॉगची वाट बघत उभे. हे मात्र चष्म्यातून असे बघत राहतात की समोरचा खोटं बोलत असेल तर त्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. 'लावारिस'मध्ये दारुडे झाले तर तेही मन लावून. 'घरोंदा'तला म्हातारा मालक बघा, हार्टचा पेशंट, अमोल पालेकरच्या मैत्रिणीला पटवतो म्हणून आपण त्याच्यावर चिडायचं असतं, पण शेवटी शेवटी आपण गुपचूप त्याच्या पार्टीत गेलेलो असतो. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं होतं.

आत्याचं मात्र वेगळंच. तिने 'इन्साफ का तराजू'मध्ये त्यांना बलात्कार करणाऱ्याचा वकील झालेलं बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं. एवढा शिकलेला डॉक्टर आणि असल्या माणसाची बाजू घेतो? पुढे कितीतरी वर्षं ते टीव्हीवर आले की ही उठून गॅलरीत. 'सामना' लागला तरच परत बसायची, कारण समोर निळू फुले असायचे आणि तिच्या मते निळूभाऊंपुढे कुणीही सज्जनच दिसतो. हे काही खोटं नाही.

'नटसम्राट' मी त्यांचं बघितलेलं नाही. मी बघितले ते गॅदरिंगमधले. दरवर्षी एक मुलगा आजोबांची शाल पांघरून, कापसाची दाढी चिकटवून घरासाठीचं ते स्वगत म्हणायचा, दाढी एका बाजूने सुटायची, मागून पोरं ओरडायची. तेव्हापासून ते स्वगत कुणी सुरू केलं की मी उठतो, लग्नाची पंगत असली तरी. बाबांनी मात्र खरं बघितलंय, पुण्याला एसटीने जाऊन, बालगंधर्वला. त्यांना विचारलं कसं होतं, तर सांगतात काय, मागच्या रांगेत एक जण शेंगदाणे खात होता. कुडुम कुडुम. अर्धं नाटक बाबा वळून वळून त्याच्याकडे बघत होते. आणि मग नटसम्राटाची बायको कावेरी जाते तिथून पुढे कुडुम बंद. एकदम बंद, पडदा पडेपर्यंत. आई म्हणते शेंगदाणे संपले असतील. बाबा अजून चिडतात त्यावर.

डिसेंबर १९७०, 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा लागू त्रेचाळीस वर्षांचे. माझंच वय धरा. मी अजिंक्यतारा चढताना मधे दोनदा बसतो, आणि हा माणूस तेव्हा रोज म्हातारा होत होता. त्याच्या आदल्या वर्षी नाक-कान-घशाची चांगली चाललेली डॉक्टरी, आफ्रिकेतलं टांझानिया, सगळं सोडून आलेला. लोकांचे घसे तपासायचे सोडून स्वतःचा घसा पणाला लावला. आमच्या घरात असं कुणी केलं असतं तर आधी मामाला बोलावून घेतलं असतं.

पण आईचं आणि त्यांचं खरं बिनसलं ते देवावरून. त्यांनी देवाला रिटायर करा असं लिहिलं, आणि पुढे आपल्या साताऱ्याच्याच, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव वादसंवाद करत फिरले. एका स्टेजवर दोन डॉक्टर, दोघांनी प्रॅक्टिस सोडलेली. लागू म्हणणार देव नाहीच, दाभोलकर म्हणणार देव मानणाऱ्यांशी आमचं भांडण नाही, देवाच्या नावाने लुबाडणाऱ्यांशी आहे. आईला दाभोलकर पटायचे. लागूंना ती म्हणायची, "देव न्हाई म्हंतोस, मग आवाज कुणी दिला रं बाबा?"

त्यांचा मुलगा तन्वीर रेल्वेने जात होता, बाहेरून कुणीतरी दगड मारला, त्यात तो गेला. हे मी तिला बऱ्याच उशिरा सांगितलं. पोर गेल्यावर माणूस कुठेतरी हात जोडतोच असं तिचं मत. यांनी नाही जोडले. मुलाच्या नावाने तन्वीर सन्मान सुरू केला, नाटकवाल्यांसाठी.

तिने लसूण सोलायचा थांबवला नाही. म्हणाली, "मग त्यांनी केला रिटायर तर मी काय बोलायची न्हाई. माझा मी ठेवणार."

ठेव म्हटलं.