मैदानाआधी आराखड्याचे पैसे

मराठवाड्यातील एखाद्या विद्यापीठात नव्या क्रीडासंकुलाचा विषय निघतो, तेव्हा चर्चा बहुतेक वेळा एखाद्या तयार आकड्यापासूनच सुरू होते. दुसऱ्या कुठल्या तरी विद्यापीठाने सिंथेटिक ट्रॅक (रबरासारख्या कृत्रिम थराची धावपट्टी) बांधलेला असतो, त्याचा खर्च कोणाला तरी ठाऊक असतो, त्यात दहा टक्के वाढ धरून रक्कम अर्थसंकल्पात दाखवली जाते आणि जागा कोणती, माती कशी, पाणी कुठून, हे प्रश्न त्यानंतर उपस्थित होतात. बांधकामाच्या अंदाजपत्रकांशी माझा बराच काळ संबंध आला आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की बांधकामाचा आकडा जाहीर करण्याच्या एक वर्ष आधी केवळ मोजणी, माती परीक्षण आणि आराखडा यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे.

आठ लेनच्या 400 मीटर ट्रॅकचेच उदाहरण घेऊ. प्रमाणित मापानुसार सरळ भाग 84.39 मीटर, वळणाची त्रिज्या 36.50 मीटर आणि प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद असते. बाहेरच्या कडेपर्यंत मोजले तर ही जागा सुमारे 177 मीटर लांब व 92.5 मीटर रुंद, म्हणजे साधारण चार एकर भरते. कडेची मोकळी जागा आणि प्रेक्षागार वेगळेच. धावण्याच्या दिशेने या ट्रॅकचा उतार हजारास एकपेक्षा जास्त असून चालत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा परिसर डोंगराच्या पायथ्याशी आहे. तशा जमिनीला शंभरास दोन इतकाच उतार असला, तरी ट्रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मीटरचा फरक पडतो. एका बाजूला बेसाल्ट फोडायचा आणि दुसऱ्या बाजूला थर देत, पाणी मारत, दाबत भराव करायचा. खोदाईत माती, मुरूम आणि कठीण खडक यांचे दर वेगवेगळे असतात, त्यामुळे समपातळी रेषांचा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा, नकाशा नसताना काढलेले अंदाजपत्रक मातीच्या दराने मंजूर होते आणि देयक मात्र खडकाच्या दराने निघते.

परभणीसारख्या ठिकाणी अडचण उलट आहे. तेथील खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा देते. सिंथेटिक थराची जाडी साधारण 13 मिलिमीटर असते आणि चार मीटर लांबीची सरळ पट्टी ठेवून पाहिल्यास तिच्याखाली सहा मिलिमीटरपेक्षा अधिक खोलगटपणा चालत नाही. काळ्या मातीची हालचाल याच्या कितीतरी पटीने मोठी असते. म्हणून काळी माती ठरावीक खोलीपर्यंत काढून तेथे न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो आणि पाण्याचा निचरा ट्रॅकखाली न मुरता बाहेर जाईल अशी व्यवस्था करावी लागते. हा थर किती जाड असावा, हे माती परीक्षणाखेरीज कळत नाही. या परीक्षणाचा खर्च एकूण कामाच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो, तरीही काटकसरीची कात्री सर्वात आधी त्यालाच लागते, हे मला अजूनही उमगलेले नाही.

आता शुल्काविषयी. समजा काम दहा कोटींचे आहे आणि वास्तुविशारद व सल्लागारांचे शुल्क पाच टक्के ठरले, तर ते पन्नास लाख होते आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरल्यास 59 लाख. ही रक्कम ऐकली की बैठकीत शांतता पसरते आणि सर्वात कमी शुल्क मागणाऱ्याला काम देण्याचा निर्णय होतो. मग तो सल्लागार जुन्या कामाचा नकाशा थोडाफार फिरवून देतो, निविदेतील परिमाणे चुकतात आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेची, म्हणजे वाढलेल्या खर्चाच्या नव्या मंजुरीची, फाईल फिरू लागते. शिवाय टक्केवारीच्या पद्धतीत खर्च वाढला की शुल्कही वाढते, त्यामुळे स्वस्त पर्याय शोधण्याचे बक्षीस कोणालाच मिळत नाही. आराखड्यापुरते शुल्क ठोक रकमेत ठरवावे, ते टप्प्याटप्प्याने द्यावे आणि निवड करताना दराबरोबर पूर्वीच्या कामाच्या दर्जालाही गुण द्यावेत, हे मला अधिक योग्य वाटते.

काही निर्णय कागदावर फुकट असतात आणि नंतर अशक्य होतात. ट्रॅकची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर मावळतीचा सूर्य धावपटूंच्या डोळ्यांवर येत नाही. स्टीपलचेस या अडथळ्यांवरून उड्या घेत धावण्याच्या शर्यतीतील पाण्याचा खड्डा वळणाच्या आत घ्यायचा की बाहेर, यावर त्या शर्यतीच्या फेरीची लांबी अवलंबून असते, म्हणून तो मागाहून ठरवता येत नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्यांच्या प्रदेशातील नव्या ट्रॅकच्या आराखड्यात हा खड्डा वगळला गेला, तर ती काटकसर म्हणता येणार नाही.

पाण्याचा हिशेब तर अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. ट्रॅकच्या आतले फुटबॉल मैदान 105 बाय 68 मीटरचे धरले आणि उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी दिले, तर दिवसाला सुमारे 35,700 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर लागतात. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या भागात हा आकडा आराखड्याच्या पहिल्याच पानावर असायला हवा. वसतिगृहांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते मैदानाला देता येते, परंतु त्यासाठी टाकी, पंप आणि वेगळी वाहिनी यांची किंमत मूळ कामातच धरावी लागते. ती धरायची नसेल, तर हिरवळीचा हट्ट सोडून आतली जागा चांगल्या निचऱ्याची मातीची ठेवावी आणि शेजारी खो-खो व कबड्डीची मैदाने नीट करावीत. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तरीही संकुलाच्या चर्चेत या खेळांना उरलेला कोपरा मिळतो. वास्तविक 27 बाय 16 मीटरच्या खो-खो मैदानाला ट्रॅकच्या मानाने फारच थोडा खर्च येतो.

राहिला देखभालीचा भाग. सिंथेटिक पृष्ठभाग साधारण आठ-दहा वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि तेव्हा बांधकामासाठी मिळालेले अनुदान केव्हाच संपलेले असते. आराखड्यासोबतच दहा वर्षांचा देखभाल खर्च मागवला आणि तो वर्षवार विभागून विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीत दाखवला, तर अधिसभेतील (विद्यापीठाच्या सिनेटमधील) सदस्यांना मंजुरी देण्यापूर्वी निदान विचारता तरी येईल की दरवर्षी हे पैसे अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षातून येणार आहेत.