समुपदेशकाने देवाबद्दल विचारावं का?

इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात विद्यार्थी पहिल्यांदा आला की झोप, जेवण, अभ्यास, नशा, घरची माणसं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, सगळ्याची चौकशी होते. त्याच ओघात विचारतात, "अडचणीत तुला बळ कशातून मिळतं? श्रद्धा, प्रार्थना, सोबतीची माणसं, असं काही आहे का?" मी अमळनेरचा, मानसशास्त्र शिकलो जळगावला. आमच्या अभ्यासात देवाचा विषय आला तर अंधश्रद्धेच्या धड्यातच. त्यामुळे हा प्रश्न कानावर पडला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

तो विचारण्यामागे अभ्यास आहे. २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २३६ कॉलेजांतल्या १,१२,२३२ नव्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. पाचातल्या चौघांना अध्यात्मात रस होता. त्याआधी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी नोंद आली. तिची गणना आजारात होत नाही. श्रद्धा डळमळली म्हणून माणूस मनोरुग्ण ठरत नाही, पण त्याचं दुःख ऐकून घेण्याजोगं आहे, हे त्यातून मान्य झालं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांचं काम. ते याच राज्यात, बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. श्रद्धा माणसाला सावरते तशी पोखरतेही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. 'देव माझ्या पाठीशी आहे' म्हणणारा मुलगा आणि 'देव मला शिक्षा देतोय' म्हणणारा मुलगा एकाच देवळात जात असतील, पण दुसऱ्याच्या मनावरचा ताण फार वेगळा असतो. हे वाचताना मला आपलीच घरं दिसत होती. श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याचा कुळाचार, झाले की भाऊबंद एकत्र येतात, बाहेरगावी शिकणारं पोरगंही घरी पोचतं. हे बळच आहे. आणि एखाद्या वर्षी रोट राहिले, त्याच वर्षी पोरगं नापास झालं, तर 'कानबाईचा कोप झाला' हे वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसतं. समुपदेशकाने विचारलंच नाही, तर ते कधी बाहेर येणार?

विचारण्याची रीतही शिकवतात. क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी चार मुद्दे बसवले आहेत: श्रद्धा कशावर आहे, आयुष्यात तिचं महत्त्व किती, सोबतीला कोण आहे, आणि उपचारात तिला कशी जागा द्यायची. काही मिनिटांत होतं. विद्यार्थी 'माझा विश्वास नाही' म्हणाला, तर तेही तितक्याच आदराने लिहून घ्यायचं. समुपदेशकांच्या आचारसंहितेनुसार स्वतःची मूल्यं समोरच्यावर लादता येत नाहीत. माझ्या घरी अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या वाडीवर, म्हणजे संस्थानात, जाणं नित्याचं, पण म्हणून मी कुणाला नामस्मरण करायला सांगू शकत नाही. धर्मशास्त्राचाच प्रश्न असेल तर विद्यार्थ्याला चॅप्लनकडे, म्हणजे विद्यापीठाने नेमलेल्या धर्मसेवकाकडे पाठवतात. प्रिन्स्टनने तर २००८ पासून हिंदू विद्यार्थ्यांसाठी असा पूर्णवेळ माणूस ठेवला.

कुणा विद्यार्थ्याची गोष्ट इथे सांगणार नाही. केंद्रात बोललेलं केंद्रातच राहतं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलून चालणार नाही. खान्देशात 'विद्यार्थी कुठल्या धर्माचा' हे आडनावावरून ठरवून टाकायची सवय आहे, आणि घोळ तिथेच होतो. अक्कलकुव्याहून नंदुरबारच्या वसतिगृहात आलेल्या भिल्ल मुलाची देवी याहामोगी समुपदेशकाला माहीतच नसेल, तर तो मुलगा तिचं नावसुद्धा काढणार नाही. भुसावळच्या मुलीचे रोजे आणि परीक्षा एकत्र आली, तर तिलाही कुणीतरी विचारायला हवं. चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या पोराला 'अभ्यास सोडून कुठे फिरतोस' म्हणण्याआधी तिथे त्याला काय मिळतं ते ऐकावं. गावची माणसं, चालून चालून लागणारी झोप, मोबाईलबाहेरचे दिवस. निम्मं औषध त्यातच असेल.

भगताचंही विचारायला हवं, आणि रागावून नाही. 'आधी कुठे दाखवलं?' हे सहज विचारलं तर पोरं सांगतात, दरडावलं तर लपवतात. मात्र एका बाबतीत मी ठाम आहे. आत्महत्येचे विचार असतील, औषधं चालू असतील, तर अंगारा, उपास, नवस यातलं काहीही उपचाराची जागा घेऊ शकत नाही. प्रार्थना सोबत चालू द्या, गोळी बंद करू नका.

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत शिकवणारे माझे मित्र हे वाचत असतील, म्हणून थेट सांगतो. पालक-शिक्षक, म्हणजे विद्यार्थ्याचा मार्गदर्शक शिक्षक, त्याच्याकडून जो फॉर्म भरून घेतो त्यात एक ओळ वाढवा: 'मन खचतं तेव्हा तू कुणाकडे, कशाकडे वळतोस?' धर्माचा रकाना नको, जातीचा तर नकोच. उत्तर कोरं ठेवायची मुभा असू द्या, आणि लिहिलेलं स्टाफरूममध्ये फिरवू नका. त्याच पानावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं.