पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन: आधी किंगपिन, मग शॉकअप

प्रीमियर पद्मिनी गाडी पुढून आपटायला लागली की बहुतेक जण थेट गॅस शॉकअप (गॅस भरलेले शॉक अॅब्सॉर्बर) शोधायला निघतात. खर्चाची सुरुवात तिथून करू नका. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती, सैल असेल तर नव्या शॉकअपवरही स्टेअरिंग थरथरतं आणि टायर खाल्ले जातात.

गाडी जॅकवर उचला, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि चाक वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर दोष व्हील बेअरिंगचा, नाही थांबला तर किंगपिनचा.

दोष किंगपिनचा असेल तर पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) यांचा किट दोन्ही बाजूंचा एकदम घ्या. बुश ठोकताना त्याचं भोक ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायच्या तोटीच्या) भोकासमोर आलंच पाहिजे, नाहीतर ग्रीस पिनेपर्यंत पोचतच नाही. मग वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत रीम करायचा, म्हणजे आतून कातून पिनेच्या मापाला आणायचा. पॉलिश पेपरने घासून पिन बसवणाऱ्या मिस्तरीकडे हे काम देऊ नका. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकावी, पण आपल्या वजनाने घसरून पडू नये.

चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या बुशांना मी रबरच सुचवेन. पॉलियुरेथेन (कडक प्लॅस्टिकसारखा) बुश रबरासारखा पिळत नाही, फिरतो. त्यात आपल्याकडचा फुफाटा शिरला की तो कुरकुरतो आणि झिजतो. अँटिरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) मात्र पॉलियुरेथेन चालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीचं रबर तडकलंय का, हे दरवर्षी बघावं. रबर बुशाचे बोल्ट आधी नुसते हाताने लावा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच. आर्म लटकत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

स्प्रिंग कधीही कॉम्प्रेसरशिवाय (ती दाबून धरणाऱ्या हत्याराशिवाय) काढू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, जीवही जाऊ शकतो. गाडी खाली बसवण्यासाठी वेढा कापला की स्प्रिंग कडक होते: आठ कामाच्या वेढ्यांतला एक गेला तर साधारण १४ टक्के. गॅसने तापवलं तर पोलादाचं पाणीच उतरतं. जाड तारेची स्प्रिंग घेतानाही जपून, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तार १० टक्के जाड म्हणजे स्प्रिंग ४६ टक्के कडक. गावाकडच्या खड्ड्यांत ती गाडी नुसती उड्या मारेल.

आता शॉकअप. स्प्रिंग बाहेर असतानाच आर्म बंप रबरला (आर्म वर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराला) टेकेपर्यंत उचला आणि शॉकअपच्या दोन टोकांतलं अंतर मोजा. मग आर्म पूर्ण खाली सोडून पुन्हा मोजा. नवा शॉकअप मिटल्यावर पहिल्या मापापेक्षा १०-१५ मिमी आखूड आणि उघडल्यावर दुसऱ्यापेक्षा तेवढाच लांब हवा. हे जमलं नाही तर बंप रबराआधी शॉकअपच आपटतो आणि त्याचं सील जातं. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा निघते.

चाकांच्या अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आधी, टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणं) शेवटी. २००-३०० किमी चालवल्यावर स्प्रिंग बसते, तेव्हा पुन्हा तपासा. किंगपिनला ग्रीस चाक अधांतरी ठेवूनच मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. काळ्या मातीचा चिखल सुरू होण्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा तर मारायचंच.