प्रयोगाआधी नाट्यगृहातच जेवायचं असेल तर घड्याळ उलटं मोजा

नाट्यगृहाच्या इमारतीतच जेवायचं ठरलं की लोक फसतात ते अंतरामुळे. बाहेर जेवून येणारा माणूस रस्ता, गर्दी, पार्किंग धरून वेळेत उठतो. आत बसलेला मात्र ‘वरच तर जायचंय’ म्हणत रेंगाळतो. पण रेस्टॉरंटमध्ये माणसं अडकलीत म्हणून पडदा थांबत नाही. उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी प्रयोगात सोयीचा क्षण येईपर्यंत दाराबाहेर उभं करतात, ऑपेराला तर कित्येकदा थेट मध्यंतरापर्यंत. म्हणून हिशेब शेवटाकडून मांडायचा.

ब्रिटिश रंगभूमीवर नटांसाठी ‘हाफ’चा, म्हणजे ‘अर्धा तास उरला’ असा पुकारा होतो तो पडदा वर जाण्याच्या ३५ मिनिटं आधी, ३० नव्हे. कारण त्यांची मोजणी ‘बिगिनर्स’पासून, म्हणजे पडद्याच्या ५ मिनिटं आधी पहिल्या प्रवेशातल्या नटांनी जागेवर हजर व्हायच्या क्षणापासून होते. जेवणाऱ्यानेही हेच करावं. मोजायचं ते पडद्यापासून नाही, आपण खुर्चीत बसण्यापासून.

७.३० चा प्रयोग धरू. ७.२० ला खुर्चीत. स्वच्छतागृह आणि जिना यांची १० मिनिटं, म्हणजे टेबल सोडायचं ७.१० ला. बिल ७ वाजता हातात. मेन कोर्स निवांत खायला २५ मिनिटं लागतात, तेव्हा प्लेट ६.३५ पर्यंत समोर हवी. स्टार्टर ६.१० च्या आसपास. ऑर्डर ५.५५ ला, आणि टेबलावर ५.४५ ला. दोन कोर्सला पावणेदोन तास झाले. तीन कोर्स हवे असतील तर सव्वादोन तास धरा, किंवा तिसरा मध्यंतरावर ढकला. आमचं मत दुसऱ्या पर्यायाला आहे, त्याबद्दल पुढे.

या साखळीत ऑर्डरची वेळ सगळ्यात जपायची. साध्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक संध्याकाळभर थोडंथोडं येतं. एक टेबल जेवत असतं तेव्हा दुसरं मेनूकार्ड वाचत असतं. इथे सगळी टेबलं अर्ध्या तासात भरतात आणि सगळ्यांना एकाच वेळी उठायचं असतं. केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदम पडतात, आणि ग्रिलवर एका वेळी मावतील तेवढेच तुकडे मावतात. त्यामुळे ५.५५ ला ऑर्डर देणाऱ्याचं जेवण वेळेत येतं. ६.२० ला देणारा २५ मिनिटंच मागे असतो, पण त्याची प्लेट ४० मिनिटं मागे पडू शकते, कारण त्याच्यापुढे अख्खं रेस्टॉरंट रांगेत असतं. उशीर झालाच तर स्टार्टर सोडून द्या आणि थेट मेन कोर्स मागवा. दोन्ही मागवून मेन कोर्स अर्धा टाकून पळण्यात काही अर्थ नाही.

अशा ठिकाणी प्रयोगाआधीचा ठरावीक दोन-तीन कोर्सचा छोटा मेनू असतो. प्रत्येक कोर्सला तीन-चार पर्याय, किंमत एकच. तो कंजूषपणा समजू नका. त्यातले पदार्थ निवडलेलेच असतात गर्दीत झटपट निघतील असे. मंद आचेवर आधीच शिजवून ठेवलेलं, फक्त गरम करून वाढायचं. ओव्हनमध्ये एका ट्रेवर वीस जणांचं एकदम होणारं. थंड स्टार्टर, जो दुपारीच मांडून झालेला असतो. पूर्ण मेनूकार्ड मिळालं तरी याच जातीचं निवडा. अडकवणारे पदार्थ म्हणजे ऑर्डर आल्यावर पहिल्यापासून सुरू होणारे. रिसोत्तो या इटालियन भातप्रकाराला तांदूळ शिजायलाच १८ ते २० मिनिटं लागतात. जाड स्टेक वेलडन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण भाजलेला मागितला तर त्याला भाजण्याचा वेळ, वर मुरू देण्याचाही वेळ. सूफ्ले, म्हणजे ओव्हनमध्ये फुगवून लगेच वाढायचा अंड्याचा पदार्थ, तर मागवूच नका. टेबलावर चौघे असतील आणि एकानेच असा पदार्थ घेतला तर चौघांच्याही प्लेट अडतात, कारण स्वयंपाकघर एका टेबलाचं सगळं एकत्र बाहेर काढतं.

बसल्याबसल्या वेटरला दोन गोष्टी सांगा: प्रयोग किती वाजता आणि कुठल्या प्रेक्षागृहात. एकाच इमारतीत अनेक रंगमंच असले की हे फार महत्त्वाचं. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ऑलिव्हिए, लिटल्टन आणि डॉर्फमन अशी तीन प्रेक्षागृहं आहेत, आणि शेजारच्या टेबलाचा पडदा तुमच्या पडद्याबरोबरच वर जाईल असं नाही. वेळ सांगितली की सरावलेला वेटर ती ऑर्डरच्या चिठ्ठीवर वरच लिहितो, आणि आत त्या क्रमाने केओटी लावता येतात. तिकिटावरची वेळही पुन्हा बघा. लांबलचक कलाकृती आणि काही शुभारंभाचे प्रयोग नेहमीपेक्षा लवकर सुरू होतात. सवयीने ७.३० धरून टेबल बुक केलेलं असतं आणि प्रयोग असतो ६ चा.

अॅलर्जी किंवा पथ्य असेल तर बुकिंग करतानाच कळवा. तयारी दुपारीच एकत्र झालेली असते. रश्शात आधीच पडलेलं लोणी ६ वाजता कोणी काढू शकत नाही.

आता बिल. सगळ्यात मोठी कोंडी इथेच होते, आणि ती टाळणं संपूर्ण आपल्या हातात असतं. पडद्याआधीच्या शेवटच्या २० मिनिटांत प्रत्येक टेबल हात वर करतं. कार्ड मशीन मोजकी, वेटर तेवढेच. त्यात सहा जणांच्या टेबलाने सहा कार्डं पुढे केली की मशीन त्याच टेबलावर अडकून राहतं. मेन कोर्स समोर आला की लगेच बिल मागा. पैसे एकाने भरावेत, वाटणी नंतर आपापसांत. वाइनचा आणखी एक ग्लास हवासा वाटला तर तोही याच वेळी सांगा, म्हणजे बिल दोनदा निघत नाही. उरलेला ग्लास आत नेता येईल असं धरून चालू नका. काच प्रेक्षागृहात बहुधा नेऊ देत नाहीत, कारण अंधारात पायऱ्यांवर फुटलेली काच दिसत नाही. पेयं नेऊ देतात तिथेही प्लास्टिकच्या ग्लासातच ओतून देतात.

कोट, छत्री, बॅग जेवणाआधीच क्लोकरूमला टाका. ५.४० ला तिथे कोणी नसतं, ७.१५ ला रांग दारापर्यंत येते.

मध्यंतरातलं डेझर्ट ही या प्रकारातली खरी मजा, पण तिलाही गणित आहे. मध्यंतर १५ ते २० मिनिटांचं. खुर्चीतून निघून गर्दीतून टेबलापर्यंत ४ मिनिटं, परत जायला तेवढीच, स्वच्छतागृहाची रांग वेगळी. खायला हातात उरतात ८-१० मिनिटं. म्हणून डेझर्ट आधीच सांगून, पैसेही आधीच भरून ठेवायचे. तुम्ही पोचता तेव्हा टेबलावर नावाचं कार्ड आणि शेजारी झाकलेली बशी तयार असते. हे मांडून ठेवणं मध्यंतराच्या बरंच आधी होतं, त्यामुळे आइस्क्रीम वितळतं, कुरकुरीत पापुद्रा नरम पडतो, आणि आधी ओतलेली कॉफी कोमट होते. टार्ट, मूस, चीज किंवा फळं घ्या. कॉफी हवीच असेल तर पोचल्यावर ओतायला सांगा, आणि खरं तर डेझर्टबरोबर तिच्यासाठी वेळच उरत नाही. बाल्कनीत सगळ्यात वर बसणार असाल तर चढ-उतारातच मध्यंतर संपतं. अशा वेळी डेझर्टही आधीच उरकलेलं बरं.

मध्यंतर मोठं असतं तिथे चित्रच बदलतं. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबॉर्नच्या ऑपेरा महोत्सवात साधारण दीड तासाचं लांब मध्यंतर जेवणासाठीच ठेवलेलं असतं. जर्मनीतल्या बायरॉइटच्या १८७६ साली उघडलेल्या नाट्यगृहात मध्यंतरं तासातासाची असतात. तिथे घंटेऐवजी सज्जात उभे राहून वादक पितळी वाद्यांवर पुढच्या अंकातली धून वाजवतात: १५ मिनिटं उरली की एकदा, १० उरली की दोनदा, ५ उरली की तीनदा. बाकी ठिकाणी आधी विचारून घ्या की घंटा रेस्टॉरंटमध्ये ऐकू येते का. कित्येक जागी भांड्यांच्या आणि गप्पांच्या आवाजात ती बुडून जाते आणि लोक तिसऱ्या घंटेची वाट पाहत बसतात, ती आधीच होऊन गेलेली असते.

काय खायचं यापेक्षा किती, हे जास्त जपा. भरपेट, तेलकट जेवण, वर दोन ग्लास वाइन, मग उबदार अंधार: पहिल्या अंकात डोळे मिटणारच. खारट खाल्लं की तहान लागते आणि शांत प्रसंगात घसा खवखवतो. पाणी जेवणाच्या सुरुवातीला भरपूर प्या, शेवटची ४० मिनिटं घोटघोटच. पहिला अंक सव्वा तासाचा असू शकतो आणि रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाला उठणं जड जातं. कच्चा कांदा आणि लसूण शेजाऱ्यांसाठी तरी टाळा.

व्हीलचेअर असेल किंवा सोबत जिना न चढू शकणारं माणूस असेल तर वरचा सगळा हिशेब १५ मिनिटं लवकरचा धरा. पडद्याआधी लिफ्टवर सगळ्यात जास्त ताण असतो आणि ती एका खेपेत बहुधा एकच व्हीलचेअर नेते. टेबलही लिफ्टजवळचं मागा. बुकिंगच्या वेळी सांगितलं तर सहसा मिळतं.

शेवटची गोष्ट बुकिंगबद्दलच. रेस्टॉरंट पुष्कळदा वेगळ्या कंत्राटदाराकडे असतं. तिकीट एका ठिकाणी नोंदलेलं, टेबल दुसऱ्या ठिकाणी. प्रयोगाची तारीख बदललीत म्हणून टेबल आपोआप हलत नाही. प्रयोग रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतात, पण टेबलाची अनामत येईलच असं नाही. प्रयोगात बदल झाल्याचा निरोप आला की त्याच दिवशी रेस्टॉरंटलाही स्वतंत्र फोन करा.