धोनी ड्रायव्हर आणि आमचे अण्णा

मार्च लागला की आमच्याकडं माठ निघतो आणि आयपीएलच्या जाहिराती सुरू होतात. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, दुपारी बारानंतर नवी पेठसुद्धा गप होते, मग अण्णा कूलरपुढं बसून टीव्ही लावतात आणि नवीन सीझनची पहिली जाहिरात लागली रे लागली की किचनमधून मला हाक, "ये लवकर, आली बघ!" मला या जाहिराती मनापासून आवडतात. मॅच तर काय सुरू झाल्यावर आहेच, पण सीझन यायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे, ज्यात अजून कुणी हरलेलं नसतं आणि सगळे नुसते हसवत असतात, ते दिवस मला मॅचइतकेच प्रिय आहेत.

२०२१ ला धोनीला भिक्षू केला होता आठवतंय का, टक्कल, अंगावर ते शाओलिनवाल्यासारखे कपडे, पोरांना बसवून रोहित शर्माच्या लालचेची गोष्ट सांगतोय. पाच ट्रॉफ्या झाल्या तरी मुंबईला अजून पाहिजेतच, म्हणजे लालच चांगली. आमच्या भाच्यानं महिनाभर तेच तोंडात धरलेलं, तिसरी पोळी मागताना पण "लालच कूल है". चांगल्या विनोदी जाहिरातीचं लक्षण मी हेच मानते, ती टीव्हीतून उतरून पोळीच्या डब्यापर्यंत यायला पाहिजे.

पण माझ्यासाठी सगळ्यात भारी होती ती २०२२ ची, "ये अब नॉर्मल है" वाली. धोनी बस ड्रायव्हर झालाय, खाकी, मोठी मिशी, आणि भर रस्त्यात बस थांबवतो. मागं सगळा ट्रॅफिक तुंबलेला. ट्रॅफिक पोलीस येतो, काय चाललंय म्हणतो, तर हा सांगतो की सुपर ओव्हर बघतोय, आणि पोलिसाला पण त्यात काही वावगं वाटत नाही, तो आपला निघून जातो. म्हणजे आयपीएलच्या दिवसांत माणसं जे काय करतील ते नॉर्मल. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा इतकी हसले की ठसका लागला.

अण्णा हसले नाहीत. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर डेपो, अक्कलकोट आणि तुळजापूर लाईन वर्षानुवर्षं, आता रिटायर आहेत. विना अपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात कापडात गुंडाळून ठेवलाय आणि दसऱ्याला पूजेत मांडतात. त्यांनी आधी धोनीची खाकी नीट बघितली, कॉलर बघितली, म्हणाले "शोभतोय." त्यांच्या आवडत्या प्लेअरनं त्यांचा युनिफॉर्म घातलेला, तेवढ्यानं डोळे भरून आले त्यांचे, मी बघितलं. आणि मग बस थांबली तशी म्हणाले, "हितं नाय थांबवायची. मागं ॲम्ब्युलन्स असली तर?"

त्या वर्षी एसटीचा संप चालू होता हे पण ध्यानात घ्या, नोव्हेंबरपासून लाल परी डेपोत उभ्या, अण्णांचे जुने जोडीदार संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसायचे, आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी एक बस. ती सगळी मंडळी पण अण्णांच्याच बाजूची. म्हणलं अहो जाहिरात आहे, गंमत आहे. तर एक काका म्हणाले, "पोरी, गंमत पायजेच, पण गाडी साईडला घेऊन."

तेव्हा अण्णांनी २ एप्रिल २०११ ची गोष्ट परत एकदा सांगितली, वर्ल्डकप फायनलची. त्यांच्याकडं अक्कलकोटची शेवटची गाडी होती. पॅसेंजरच्या फोनवर कॉमेंट्री, सगळ्यांचा जीव वर-खाली, आणि एक ढाबा दिसला टीव्हीवाला तर अर्धी गाडी ओरडली "थांबवा थांबवा". अण्णांनी थांबवली नाही. म्हणाले थांब्यावर घेतो. वळसंगला गाडी थांब्याला लावली, रस्त्यातून पूर्ण आत घेतली, इंडिकेटर चालू ठेवला, कंडक्टरला सांगितलं दहा मिनिटं, आणि अख्खी गाडी समोरच्या हॉटेलात पळाली. अण्णा मात्र खाली गाडीजवळच उभे, कारण एक म्हातारी आत झोपलेली आणि गाडी सोडून जायचं नसतं. धोनीचा तो सिक्स त्यांनी बघितलाच नाही, नुसता ऐकला. माणसं नाचत परत आली, डबल बेल पडली, गाडी निघाली.

मला तर वाटतं खरी जाहिरात हीच आहे. मॅचसाठी थांबलेली बस, आतुर पॅसेंजर, ड्रायव्हरच्या हातात सगळ्यांचा जीव, एवढ्यातच केवढी गंमत आहे, त्याला रस्ता अडवायची काय गरज? धोनीनं बस नीट स्टँडात लावून, कंट्रोलरच्या केबिनमधल्या टीव्हीसमोर सगळ्यांना उभं केलं असतं तरी लोक तेवढेच हसले असते, उलट जास्त, कारण आपण सगळे तसे उभे राहिलोय कधी ना कधी.

आणि पुढं झालं पण तसंच. कट्स नावाच्या ग्राहक संस्थेनं तक्रार केली की यात ट्रॅफिकचे नियम मोडलेले दाखवलेत, जाहिरातींचं बघणाऱ्या ॲस्कीनं ती मान्य केली आणि २० एप्रिलपर्यंत बदला नाहीतर काढा असं सांगितलं. पेपरात बातमी आली तेव्हा अण्णांनी ती कात्रीनं कापली. गर्व वगैरे नाही केला, उलट जरा वाईटच वाटलं त्यांना, खाकीतला धोनी आता दिसणार नाही म्हणून. जाहिरातीच्या त्या मुदतीनंतर दोनच दिवसांनी, २२ एप्रिल ही कोर्टानं संपकऱ्यांना कामावर हजर व्हायला दिलेली मुदत होती, आणि मग आमच्या ओट्यावरची गर्दी पण कमी होत गेली.

परवा जुना फोन साफ करताना ती जाहिरात सापडली, व्हॉट्सॲपवर आलेली. अण्णांना दाखवली. दोनदा बघितली, तिसऱ्यांदा बस थांबते तिथं बोटानं पॉज केली, चष्मा वर केला आणि स्क्रीनवर अंगठ्यानं माप घेत म्हणाले, "एवढीच पुढं काढून कडेला लावली असती बघ."