गव्हाचा उपवास

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी सकाळचा स्वयंपाक गेली सहा वर्षे एका ठरलेल्या क्रमाने होतो. आधी ओटा ओल्या फडक्याने पुसायचा, मग माझा तवा चढवायचा, ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळून माझ्या दोन भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायच्या, आणि तो डबा फडताळात गेल्यावरच कणकेला हात लावायचा. घरातल्या बाईने सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खायचे, ही आमच्या पिढीपर्यंत चालत आलेली रीत आमच्या घरी गव्हाने मोडून काढली. कणिक चाळताना तिची भुकटी हवेत उडते आणि हळूहळू खाली बसते. ती माझ्या भाकरीवर बसू नये म्हणून माझे अन्न सर्वांच्या आधी शिजते. त्यानंतर मी यांच्यासाठी, मुलासाठी आणि सासूबाईंसाठी चौदा पोळ्या लाटते. पोळी टम्म फुगली की आजही बरे वाटते. खायची मात्र नसते.

निदान होण्याआधी दोन वर्षे माझे हिमोग्लोबिन साडेआठच्या वर चढायला तयार नव्हते. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झाले, खजूर झाले, लोखंडी कढईतली पालेभाजी झाली. नात्यातल्या प्रत्येक बाईने आपापला उपाय सांगून झाला. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाच्या विकराविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करायला सांगितली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि दुखण्याला सीलिॲक असे नाव दिले. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते, अस्तरावरचे बारीक अंकुर झिजून सपाट होतात, आणि मग कितीही लोह पोटात गेले तरी ते रक्तापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. यावर औषध नाही. पथ्य तेवढे आहे आणि ते जन्मभराचे आहे. पुढे वाचताना मला कळले की गव्हावरचा हा आरोप बळकट व्हायला एक उपासमार कारणी लागली होती. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच; १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्या देशात पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकीचे लोक खंगत असताना ही आजारी मुले सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर त्यांचे दुखणेही परत आले. १९५० साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. इतक्या भुकेल्या काळात पोट सुधारलेली ती मुले माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस हलली नाहीत.

सासूबाईंना ग्लुटेन हा शब्द मी तीन-चार वेळा सांगून पाहिला. चौथ्या वेळी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, “म्हणजे तुझं सोवळं आहे, असं सरळ सांग की.” त्या दिवसापासून घरातली व्यवस्था त्यांच्या हातात गेली आणि ती माझ्यापेक्षा चोख चालली. माझा तवा, माझी परात, माझा कालथा आणि माझी गाळणी त्यांनी वेगळ्या खणात ठेवली, आणि पोळीचा हात माझ्या आमटीच्या पळीला लागला तर आमटी पुन्हा करण्याचा हुकूम त्या देऊ लागल्या. लग्न होऊन आले तेव्हा नैवेद्याच्या स्वयंपाकाला कुणी शिवू नये म्हणून चाललेली त्यांची धावपळ पाहून मी मनातल्या मनात हसत असे. आता त्याच धावपळीवर माझे आतडे अवलंबून आहे. या शब्दाचे मला सरसकट कौतुक नाही, कारण सोवळ्याच्या नावाखाली आपण माणसांना दाराबाहेर उभे केले आहे, आणि घराबाहेर मी तो वापरतही नाही. पण एका कणानेही बिघडते, दिसत नसले तरी बिघडते, आणि बोट पुसून भागत नाही, हे ऐंशी वर्षांच्या बाईला समजावण्यासाठी डॉक्टरांचे चित्र कामी आले नाही, तो शब्द आला.

ग्लुटेनवाचून जगताना ग्लुटेन काय करत होते हे रोज हाताला कळते. घडीची पोळी पातळ लाटता येते, तिचे पदर सुटतात, ती ताणली तरी फाटत नाही, ते सगळे या प्रथिनाच्या चिवटपणामुळे. ज्वारीत तो चिवटपणा नाही, म्हणून कढत पाणी घालून पिठातला स्टार्च थोडा शिजवून घ्यावा लागतो आणि पाण्याच्या हाताने भाकरी थापावी लागते. पीठ जुने असेल तर तीही कडेने चिरते. उकडीच्या मोदकाच्या पारीचेही तेच गणित आहे. माझ्या माहेरी भाकरी रोजची होती, सासरी ती पिठल्याबरोबर हौसेची होती, आणि पाहुणे आले की तिला कुणी हिंग लावून विचारत नसे. आता शेजारच्या वहिनी वजन उतरावे म्हणून ग्लुटेन सोडतात आणि माझ्याकडून भाकरी शिकायला येतात. आठवड्याने त्या पुन्हा पावाकडे वळतात, याचा मला किंचित मत्सर वाटतो.

भाकरी हाती आली म्हणजे प्रश्न सुटला, असे मला सुरुवातीला वाटले होते. मग गिरणीचा विचार आला. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. गिरणीवाले काका आपण सांगितले तर मूठभर ज्वारी आधी फिरवून काढतात, पण जात्याच्या दगडांत आणि कापडी तोंडात अडकलेली कणिक मुठीने निघत नाही. पूर्वी बायका ‘ज्वारीवरच ज्वारी टाका हो’ असे बजावायच्या, ते पिठाच्या चवीसाठी असे. मला ते पुरेसे नव्हते. अखेर आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही असा नियम केला. तरीही जांभळी नाक्यावरून आणलेली ज्वारी निवडावी लागते, कारण पोती, मापे आणि सूप सगळीकडे समाईक असतात. रविवारी दुपारी खिडकीशी बसून मी ताटात ज्वारी पसरते. पाच किलोंत सात-आठ दाणे गव्हाचे निघतात, लांबट, पोटावर चीर असलेले, गोल ज्वारीत लगेच नजरेत भरणारे. ते मी एका वाटीत टाकते आणि संध्याकाळी चिमण्यांना देते.

खपलीचा प्रश्न तर मला दर महिन्याला कुणीतरी विचारतेच. खपली जुनी आहे, पचायला हलकी आहे, तिची खीर साताऱ्या-कोल्हापूरकडे मानाची आहे, हे सर्व मान्य. पण खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. हे सांगितले की समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी त्यांच्या आजोळाला नावे ठेवली.

मला सर्वांत जास्त दिवस फसवले ते हिंगाने. पथ्य सुरू करून आठ महिने झाले होते, गव्हाचा कण घरात माझ्या वाटेला येत नव्हता, तरी रक्तातला टीटीजीचा आकडा हवा तसा उतरत नव्हता. डॉक्टरांनी रोजच्या जेवणातल्या प्रत्येक वस्तूची यादी करायला सांगितली. मी मीठ लिहिले, हळद लिहिली, मोहरी लिहिली, आणि फोडणीच्या डब्याशेजारची ती पिवळी डबी हातात घेतली. चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली: डिंक, गव्हाचे पीठ, आणि त्यानंतर हिंग. खरा हिंग हा फेरुला जातीच्या झाडाच्या मुळातून गळणारा राळेसारखा चीक, तो येतो अफगाणिस्तान-इराणकडून, आणि इतका उग्र असतो की स्वयंपाकात वापरता यावा म्हणून तो पिठात आणि डिंकात बांधतात; हे पीठ कुठे तांदळाचे असते, कुठे गव्हाचे. म्हणजे आठ महिने मी वरणात, आमटीत, भाजीत, ताकातसुद्धा दोन वेळा चिमूटभर गहू घालून खात होते. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि चिमटीचे माप त्या हिशेबात पर्वताएवढे ठरते. सासूबाईंनी ती डबी उचलून कचऱ्यात टाकली नाही, कारण अन्न टाकवत नाही त्यांना. त्यांनी ती खालच्या शेजारणीला दिली. आता आमच्याकडे खडा हिंग येतो. तो कुटताना घरभर वास सुटतो आणि मुलगा खिडक्या उघडतो.

त्या डबीनंतर मला मागची बाजू वाचायची सवय जडली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून दुकानात नाचणीची बिस्किटे, ज्वारीच्या शेवया, बाजरीचे पाव यांची रांग लागली आहे, पण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि पुढे नाचणीचे कणीस मिरवणाऱ्या पाकिटावर मागे पहिला शब्द बहुधा मैदा हाच सापडतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, दुधात घालायच्या माल्टच्या पुडीत जव असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू भाजलेला असतो. हे यांना पाठ झाले आहे. वाणसामान आणायला गेले की तेच वाचतात आणि फोनवर मला ऐकवतात.

घराबाहेर अडचण निराळी होती. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा, आणि तो नाकारताना ‘मला ग्लुटेन चालत नाही’ असे म्हटले की समोरच्या काकू ‘एवढ्याशाने काही होत नाही, देवाचा आहे’ म्हणत तळहातावर ठेवणारच. ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ म्हटले तर आजार काय, कधीपासून, कोणते डॉक्टर, अशी चौकशी सुरू होते. एकदा एका हळदीकुंकवात वैतागून मी म्हणून गेले, “माझा उपवास आहे.” त्याक्षणी सर्व हात मागे झाले. कुणी आग्रह केला नाही, कुणी कारण विचारले नाही. उलट एकीने आतून राजगिऱ्याचा लाडू आणून दिला. मला तो लाडू खाताना जाणवले की साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, सगळेच गव्हावाचून असते, आणि ‘तळलेले तेल वेगळे ना’ हा माझ्याकडून हट्ट वाटणारा प्रश्नही उपवासवाल्याने विचारला तर रीतसर ठरतो. अर्थात रोज साबुदाण्यावर राहिले तर दुसरेच दुखणे ओढवेल. ती युक्ती दोन घासांपुरती.

प्रवासात मात्र पिशवी लागते. विमानाचे तिकीट काढताना ग्लुटेनविरहित जेवण आधी नोंदवता येते, त्याचा जीएफएमएल असा चार अक्षरांचा संकेतही आहे; रेल्वेत आपली सोय आपणच पाहायची. मला तारले ते सोलापूरच्या कडक भाकरीने. पापडासारखी पातळ, कोरडी होईपर्यंत भाजलेली ज्वारीची भाकरी कित्येक दिवस टिकते, शेंगांच्या चटणीबरोबर गाडीत मोडून खाता येते, आणि ती खाताना होणाऱ्या आवाजाने डब्यातली मुले वळून पाहतात. गेल्या डिसेंबरात आम्ही ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने कुडाळला गेलो, तेव्हा डब्यातून कटलेट, वडापाव, ऑम्लेट-पाव यांची वर्दळ चालू होती आणि मी खिडकीशी बसून कडाकडा भाकरी मोडत होते.

कोकणात गेले की माझे पथ्य सुटल्यासारखे वाटते, कारण घावन, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, सोलकढी ही तिथली रोजची भाषा आहे. फसवणूक तिथेही असतेच. मासा रव्यात घोळवून तळतात, आणि कोंबडीबरोबरच्या वड्यांच्या पिठातही कुठे कुठे गहू मिसळलेला असतो. मालवणच्या एका लहानशा खाणावळीत आम्ही बसलो, तेव्हा मालकीणबाई पदर खोचून स्वतःच चुलीपाशी उभ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली: रवा नको, तव्यावर आधी कुणाची पोळी भाजली नसावी, उपवास आहे माझा.

“उपासाक सुरमय खातास?” त्यांनी विचारले. यांना हसू आवरेना. मी खजील होऊन म्हटले की उपवास गव्हाचा आहे, बाकी सर्व चालते.

“गव्हाचो उपास,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मगे हो सोडतलास कधी?”

सोडायचा नसतो, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, खुंटीवरचा वेगळा तवा काढून धुतला, सुरमईच्या तुकड्यांना तांदळाचे पीठ लावले आणि एकेक तुकडा तेलात सोडू लागल्या. मी निश्चिंत होऊन सोलकढीचा पेला ओढला. तेवढ्यात त्यांनी कढईवर झाकण ठेवले, फळीवरून एक पिवळी डबी उतरवली आणि ती माझ्यासमोर धरून विचारले, “आमटीत हिंग घातलंय. ह्येच्यात गहू आसा काय, वाचून सांगा बघू, माका दिसणा नाय.”

गेल्या सहा वर्षांत हे मला विचारणारी ती पहिली व्यक्ती होती. मी चष्मा लावला. डबीवर तांदळाचे पीठ होते.